पाणी खोल गेले की काय बिघडते?



होळी झाली की आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, 'पाणी पुरेल का?' विहिरीत किती परस उरले, हातपंप किती हापसल्यावर धार धरतो, टँकर कोणत्या दिवशी येणार, याचा हिशेब प्रत्येक घरातल्या बाईला पाठ असतो. पण आम्ही तपासणीसाठी वस्तीत बसतो तेव्हा आमच्यासमोर दुसराच प्रश्न येतो. पाणी आहे, पण ते कसले आहे? लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडलेले असतात, चाळिशीच्या माणसाला मान खाली घालता येत नाही, हगवण-कावीळ उन्हाळ्यातच डोके वर काढते. या सगळ्यांचे एक कारण जमिनीखाली आहे. म्हणून या वेळच्या पाठात पाणी खोल गेल्यावर त्याच्या गुणात काय फरक पडतो आणि आपण काय करायचे, ते पाहू.

आपल्या पायाखालचा खडक

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात वाळूसारखे पाणी साठत नाही. वरचा मुरूम, झिजलेला मांजऱ्या खडक आणि कातळातल्या भेगा, एवढ्यातच पाणी राहते. पावसाळ्यात ही जागा भरते आणि उन्हाळ्यापर्यंत उपसली जाते. आपल्या आजोबांच्या काळातल्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांच्या होत्या. त्या याच वरच्या थरातले, दरवर्षी नव्याने मुरलेले पाणी देत असत.

मग बोअर आले. आधी दोनशे फूट, मग चारशे. मराठवाड्यात आज सातशे फुटांचा बोअर कोणाला नवल वाटत नाही. उसासारख्या पिकांना बारा महिने पाणी उपसले जाते आणि पाऊस कमी झाला की वरचा थर भरतच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षी चर्चा झाली ती पाणी किती याचीच. बोअरच्या तळातून जे येत होते ते पिण्याजोगे होते का, हे फार थोड्यांनी विचारले.

गुण बदलतो तो चार वाटांनी

पहिली वाट आपल्या चुलीवरच दिसते. वरण उकळत ठेवले आणि पाणी आटले तर ते खारट लागते. मीठ वाढलेले नसते, पाणी कमी झालेले असते. विहिरीचेही तसेच. जमिनीतले क्षार, खतांचा अंश, सांडपाणी झिरपणे हे सगळे चालूच राहते, पण त्याला पातळ करणारे पावसाचे पाणी घटते.

दुसरी वाट म्हणजे पाण्याचे वय. चहाची पत्ती जितका वेळ पाण्यात राहील तितका चहा कडक होतो. खोल भेगांतले पाणी खडकाच्या सहवासात वर्षानुवर्षे मुरलेले असते. खडकातली खनिजे त्यात विरघळतात, त्यांत फ्लोराइडही असते. जिथे ग्रॅनाइटसारखा जुना खडक आहे तिथे हा धोका जास्त. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावे आहेत. खोल पाण्यातला चुना कमी होऊन सोडा वाढला की फ्लोराइडला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ते पाण्यात आणखी विरघळते. म्हणूनच असे पाणी पुष्कळदा जिभेला मऊ, गोड लागते. चवीवर विसंबू नका.

तिसरी वाट ओढीची. बोअर जोरात उपसला की आजूबाजूचे पाणी त्याच्याकडे धावते. जवळ संडासाचा शोषखड्डा, गटार, उकिरडा किंवा खारा पट्टा असेल तर तेही त्यात येते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीकाठचा खारपाण पट्टा आपल्याला ठाऊक आहे. तिथला खारेपणा निसर्गातच आहे, आजचा नाही. पण अशा पट्ट्याच्या कडेला जिथे गोड्या पाण्याचा थोडा साठा असतो, तिथे अति उपसा केला की गोडे संपते आणि खारे सरकत येते.

चौथी वाट म्हणजे फुटका पाइप. बोअरची केसिंग वरच्या भागात नीट बसवलेली नसेल तर वरचे घाण पाणी सरळ खालच्या साठ्यात उतरते. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी सोडले जाते तेव्हाही असेच होते. रिकाम्या पाइपमध्ये फटीतून गटाराचे पाणी ओढले जाते आणि पाणी सुटले की तेच आधी आपल्या हंड्यात पडते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. जंतू आणि नायट्रेट बहुधा वरच्या पाण्यात जास्त, फ्लोराइड बहुधा खोल पाण्यात जास्त. 'खोल बोअर म्हणजे शुद्ध पाणी' हा समज अर्धाच खरा आहे.

फ्लोराइड : दात आणि हाडे

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. त्यापुढे ते शरीरात साचू लागते.

मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असे पाणी पिण्यात आले तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे-तपकिरी आडवे डाग येतात. डाग दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात आणि घासून जात नाहीत. मिसरी-तंबाखूचे डाग वेगळे असतात, ते वरून बसतात आणि बरेचसे निघतात.

इथे आम्हाला एक कळकळीची विनंती करायची आहे. अशा मुलांना 'दात घासत नाहीस, घाणेरडा राहतोस' असे शाळेत आणि घरातही बोलले जाते. वस्तीतल्या मुलाला हे बोल आधीच फार ऐकावे लागतात. त्याचे दात त्याच्या आळसाने खराब झालेले नाहीत. ते त्याला मिळालेल्या पाण्याने झालेले आहेत. तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या मुलीला हे एकदा समजावून सांगा, आणि तिच्या शिक्षकांनाही सांगा.

पुढे अनेक वर्षे तेच पाणी पिण्यात राहिले तर हाडांवर परिणाम होतो. मान, कंबर, गुडघे आखडतात. लोक याला वात समजून वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या घेतात आणि पोटाचे, किडनीचे नुकसान करून घेतात. घरच्या घरी तीन हालचाली करून पाहा :

१. गुडघे न वाकवता खाली वाकून जमिनीला हात लावणे.
२. मान वाकवून हनुवटी छातीला टेकवणे.
३. दोन्ही हात उचलून डोक्यामागे नेणे.

एकाच वस्तीतल्या अनेक मध्यमवयीन माणसांना हे जमत नसेल आणि मुलांच्या दातांवरही डाग असतील, तर संशय पाण्यावर घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'फ्लोरोसिसची तपासणी करा' असे नाव घेऊन सांगावे. या आजारासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे.

एकदा झालेला आजार मागे फिरत नाही, पण पाणी बदलले तर पुढचे नुकसान थांबते. जेवणात दूध-ताक, नाचणी, तीळ, शेवगा, आवळा, लिंबू, पेरू असावे. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व फ्लोराइडचा त्रास कमी करतात. सुपारी, तंबाखू, काळे मीठ आणि वारंवार कोरा चहा यांतूनही फ्लोराइड पोटात जाते. ते कमी करावे.

नायट्रेट : तान्ह्या बाळाचा शत्रू

युरिया, शेणाचे ढीग आणि संडासाचे खड्डे यांतून नायट्रेट पाण्यात उतरते. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि यात कसलीही सवलत नाही. त्याला रंग, वास, चव नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असे पाणी पावडरच्या दुधात मिसळून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ आणि नखे निळसर-करडी दिसतात, बाळ मलूल होते, धाप लागते. ही तातडीची वेळ आहे. थेट दवाखान्यात न्यावे. याला सोपा आणि फुकटचा उपाय आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणी, घुटी काहीच नाही. उन्हाळ्यातही आईच्या दुधात बाळाला पुरेसे पाणी मिळते.

खारट आणि जड पाणी

डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, हे जड पाणी. त्याने मुतखडा होतो असे सर्रास म्हटले जाते. आमचा अनुभव असा की लोक बेचव पाणी म्हणून ते पितातच कमी, आणि खडे होण्याचे मोठे कारण कमी पाणी पिणे हेच आहे. उन्हातान्हात मजुरी करणाऱ्याने तर तहान लागण्याची वाट पाहू नये. बायकांना कामाच्या जागी संडासाची सोय नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. ही सोय मागणे हादेखील आरोग्याचाच प्रश्न आहे.

खाऱ्या पाण्यातले मीठ हे शेवटी मीठच आहे. बीपीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने शक्य तिथे गोडे पाणी प्यावे, जेवणात वरून मीठ, पापड, लोणचे कमी करावे.

जंतू : तळाचे पाणी आणि पहिला पाऊस

विहिरीत हातभर पाणी उरते तेव्हा सगळे गाव त्याच पाण्यात बादल्या बुडवते. टँकरचे पाणी कुठून भरले ते माहीत नसते. मग ते टाक्या-पिंपांत आठ-आठ दिवस साठते. हगवण, कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांना हे दिवस अनुकूल असतात. पहिला जोराचा पाऊसही तितकाच धोक्याचा, कारण वर साचलेली सगळी घाण एका दिवसात विहिरीत उतरते. गरोदर बाईला पाण्यातून होणारी कावीळ जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसले की झाडपाल्यावर वेळ घालवू नका.

हगवण लागली तर ओआरएस द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, दोन्ही सपाट भरून. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन त्या चौदा दिवस पूर्ण द्याव्या, जुलाब आधी थांबले तरी.

कोणता उपाय कशावर चालतो?

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट वाचावे.

उकळणे : जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून थोडे वाढतात.

तुरटी फिरवणे : गढूळपणा खाली बसतो. जंतू मरत नाहीत. घरगुती प्रमाणात फ्लोराइडही जात नाही.

टीसीएल पावडर आणि मेडिक्लोर : जंतूंवर उत्तम. पाणी आधी गाळून घ्यावे, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब टाकावे, अर्धा तास थांबावे. थोडा वास येतो, तो औषध शिल्लक असल्याची खूण आहे. क्षारांवर याचा उपयोग नाही.

माठ आणि फडके : पाणी गार आणि स्वच्छ दिसते, एवढेच. ओगराळे लांब दांड्याचे असावे, हात बुडवू नये.

आरओ यंत्र : क्षार, फ्लोराइड, नायट्रेट बरेचसे काढते. पण एक हंडा गाळताना तितकेच किंवा जास्त पाणी वाया जाते. ते भांडी, लादी, संडास यांसाठी वापरावे. जाळी वेळेवर बदलली नाही तर यंत्र असूनही उपयोग नाही.

गार पाण्याचा जार : गार म्हणजे शुद्ध नव्हे. जारवाल्याकडे पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागावा. तोही कुठल्या तरी बोअरचेच पाणी देतो.

फ्लोराइड काढण्याची सामूहिक पद्धतही आहे. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून वापरण्याची 'नलगोंडा पद्धत' बसवली. पण मात्रा पाण्याच्या तपासणीवर ठरते, अंदाजाने घरी करू नये.

आणि सर्वांत साधा स्रोत म्हणजे पावसाचे पाणी. त्यात फ्लोराइड नसते. १० फूट बाय २० फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता सुमारे १५० लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला ते पाच-सहा दिवस पुरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे फडक्यातून गाळून झाकलेल्या टाकीत घ्यावे, पिण्यापूर्वी मेडिक्लोर टाकावे. सिमेंटचा जुना झिजलेला पत्रा असेल तर ते पाणी पिण्यासाठी नको.

आपल्या हातपंपाची तपासणी झाली आहे का?

ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल असतो. पण तो कोणत्या स्रोताचा? गावातल्या विहिरीचा अहवाल चांगला आला, म्हणजे वस्तीच्या हातपंपाचे पाणी चांगले ठरत नाही. आपली वस्ती बहुतेक गावांत कडेला, नाल्याजवळ, उताराच्या खालच्या अंगाला वसवली गेली. गावाची घाण जिथे वाहत येते तिथेच आपला पंप असतो. शंभर फुटांच्या अंतरावर दोन बोअरचे पाणी वेगळे निघू शकते. म्हणून प्रत्येक स्रोताची तपासणी वेगळी हवी.

रासायनिक तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करून घ्यावी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीची बाई आहे का, ते विचारा. नसेल तर नाव द्या. नमुना घेताना पंप पाच मिनिटे चालू ठेवावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, वर ठिकाण आणि तारीख लिहावी. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच घ्यावी. ती विसळू नये आणि त्याच दिवशी पोचवावी.

गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आपला हातपंप शेजारच्या नव्या बोअरमुळे आटला असेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करता येते.

अर्जाचा नमुना असा :

'मा. ग्रामपंचायत अधिकारी, आमच्या वस्तीतील (ठिकाण) येथील हातपंपाच्या पाण्याची फ्लोराइड, नायट्रेट, क्षार व जंतू यांसाठी तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी. पाणी पिण्यास अयोग्य आढळल्यास स्रोतावर तसा फलक लावून पर्यायी पिण्याच्या पाण्याची सोय करावी.' खाली दहा-वीस घरांच्या सह्या, तारीख, आणि पोच घेतलेली एक प्रत आपल्याजवळ.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न त्या पाण्यापर्यंत पोचण्याचा होता. आज पंप आपल्या दारात आहे, पण त्यातले पाणी लेकराला द्यावे की नाही हे आपल्याला कोणी सांगत नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अहवाल मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

उजळणी

महिला मंडळात किंवा विहारात पुढील प्रश्न एकमेकींना विचारावेत.

१. पाणी उकळल्याने फ्लोराइड जाते का? (नाही.)
२. चार महिन्यांच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी द्यावे का? (नाही, फक्त आईचे दूध.)
३. गोड लागणारे पाणी सुरक्षित असते का? (तपासल्याशिवाय सांगता येत नाही.)
४. दातांवरचे आडवे तपकिरी डाग घासून जातात का? (नाही. पाणी तपासावे.)
५. वस्तीच्या पंपाची शेवटची तपासणी कधी झाली? (याचे उत्तर आमच्याकडे नाही. ते ग्रामपंचायतीतून आणायचे आहे.)

पाचव्या प्रश्नाचे उत्तर या पावसाळ्यापूर्वी मिळवा आणि तो कागद विहाराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा लावा.